एकाच मांडवात: लोह्याच्या मुलांच्या नाट्यहंगामासाठी काही मुद्दे

लोह्यात कलेची हौस नाही, असं कुणी म्हणू नये. चौदा एप्रिलला वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम रंगतो. गणपतीत मंडळांपुढे लेकरं नाटुकली करतात. शाळेच्या गॅदरिंगला पालक उभ्यानं गर्दी करतात. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की सगळा तालुका तमाशा, लावणी आणि वाघ्या-मुरळी बघायला लोटतो. पण यात्रा सोडली तर प्रत्येक ठिकाणचा प्रेक्षक ठरलेला आहे. जयंतीच्या मांडवात कोण बसतं आणि गणपतीच्या मांडवात कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लेकरंही तशीच वाटली गेली आहेत. शाळेत एका बाकावर बसणारी दोन मुलं संध्याकाळी आपापल्या मांडवात जातात आणि एकमेकांचं नाटक कधी बघत नाहीत.

हे बदलता येईल असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीचं म्हणणं मुद्द्यांनी मांडतो, म्हणजे नगरपरिषदेच्या सभेत, शाळांच्या बैठकीत किंवा मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर एकेक मुद्दा घेऊन त्यावर बोलता येईल.

१. मागणी काय आहे

दर उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत, लोह्यातल्या १२ ते २२ वर्षांच्या मुलामुलींनी बसवलेल्या नाटकांचा हंगाम व्हावा. जागा एकच असावी आणि तिकीटही एकच. निम्मी नाटकं अशी असावीत की आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी सोबत बसून बघावीत. निम्मी नाटकं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसांच्या आणि आपल्याकडच्या दलित-वंचितांच्या जगण्यातून आलेली असावीत. दोन्हींना वेगळे दिवस, वेगळे पाहुणे आणि वेगळी पत्रिका नको. हंगामाचा पास घेणाऱ्या कुटुंबासमोर दोन्ही यावीत.

अमेरिकेत लहान-मोठ्या गावांतल्या युवा नाट्यसंस्था असे हंगाम आखतात. त्यांच्या वर्षाच्या यादीत परीकथेवरचं नाटक असतं आणि शेजारीच गुलामगिरीच्या किंवा नागरी हक्कांच्या लढ्यावरचं असतं. आपण त्यांची यादी उचलायची नाही. हे सगळं शेजारी-शेजारी ठेवण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

२. कौटुंबिक नाटक आणि हक्काचं नाटक असे दोन कप्पे मुळात खोटे आहेत

या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. ‘फॅमिलीनं बघावं असं काहीतरी करा, जातीपातीचं नको,’ असं म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्यानं तसं नाटक बघितलेलं नसतं, इतकंच.

लॉरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय लेखिकेचं ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीनं लिहिलेलं नाटक ब्रॉडवेवर येण्याची ती पहिलीच वेळ होती. शिकागोच्या साउथ साइड भागात यंगर नावाचं कुटुंब एका कोंदट घरात राहतं. म्हातारी आई, मुलगा वॉल्टर, त्याची बायको, त्यांचं लहान पोर आणि वॉल्टरची बहीण बेनिथा असे पाच जण. आयुष्यभर राबून बाप वारलेला असतो आणि त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर येणार असतात. नाटक त्या पैशांभोवती फिरतं. मुलाला धंदा टाकायचाय, मुलीला डॉक्टर व्हायचंय, आईला डोक्यावर स्वतःचं छप्पर हवंय.

हे वाचून लोह्यातल्या कुठल्या घराला आपली आठवण येणार नाही? दोन एकर विकून पोरीला लातूरला नीटच्या क्लासला घालायचं, की पोराला दुकान टाकून द्यायचं, की नांदेडला प्लॉट घ्यायचा, ही चर्चा आपल्याकडे रात्री जेवणं झाल्यावर चालते आणि कधी रडारडीवर जाते. वॉल्टर भागीदारावर विश्वास ठेवून पैसे गमावतो. तसं झालेली घरंही आपल्या ओळखीची आहेत.

पण नाटक एवढ्यावर थांबत नाही. आई गोऱ्यांच्या मोहल्ल्यात घर बघते आणि विसार देते. मग तिथल्या रहिवाशांच्या वतीनं लिंडनर नावाचा सभ्य गृहस्थ येतो. तो शिवी देत नाही, हात उगारत नाही. तुम्ही आमच्यात राहायला येऊ नका, आम्ही तुमचं घर जास्त पैसे देऊन परत घेतो, एवढंच तो नम्रपणे सांगतो. हॅन्सबेरीनं हे कल्पनेतून काढलं नव्हतं. तिच्या वडिलांनी १९३७ मध्ये शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं, तेव्हा जमाव चालून आला होता आणि खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नांदेड-लातुरात भाड्यानं खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ‘आडनाव काय?’ असं विचारून पुढे ‘खोली कालच गेली’ असं सांगणारा घरमालकही असाच सभ्य असतो.

आता हे नाटक कौटुंबिक की वर्णभेदावरचं? त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. घराच्या चार भिंतींत आई-मुलाचं भांडण चाललेलं असतं आणि समाज त्याच दारातून आत येतो. कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूजच्या ‘ब्लॅक नेटिव्हिटी’चंही तसंच. १९६१ च्या या नाटकात ख्रिस्तजन्माची गोष्ट कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यांतून सांगितली आहे. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी दर डिसेंबरला घरंच्या घरं, लहान लेकरांना घेऊन, हा प्रयोग बघायला जातात. आपल्याकडे जागरणात खंडोबाची गोष्ट ऐकायला सगळं घर बसतं, तसंच ते.

आणि आपल्या नांदेडचंच उदाहरण घ्या. दत्ता भगत यांच्या ‘वाटा पळवाटा’त एकाच घरात तीन पिढ्यांची माणसं एकमेकांशी वाद घालतात. बाबासाहेबांच्या चळवळीतून आलेले काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण, तापट अर्जुन. सतीशची बायको हेमा ब्राह्मण घरातली. बैठकीच्या खोलीत घडणारं असं नाटक कौटुंबिक नाही, तर मग कुठलं कौटुंबिक?

३. मराठवाड्याला हा विषय परका नाही

‘अमेरिकेतल्या काळ्यांचं लोह्याला काय?’ असा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर लोह्याहून फार दूर नाही, लातुरात आहे.

डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. लातूर पॅटर्नशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याचे ते पहिले कुलगुरू. पुढे ते लातूरचे नगराध्यक्ष झाले, राज्यसभेवरही गेले. याच माणसानं कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचा अभ्यास करून ‘अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. ज्या काळात पुण्या-मुंबईतही या लेखकांची नावं मोजक्यांना माहीत होती, त्या काळात मराठवाड्यातला एक इंग्रजीचा प्राध्यापक ती मराठी वाचकांपर्यंत आणत होता. गंगाधर पानतावणे यांच्या औरंगाबादच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकानं हे वारं दलित लेखकांपर्यंत पोचवलं. आपल्या पोरांना वाघमारे सर माहीत आहेत ते शंभर टक्के निकालाच्या गोष्टीतून. त्यांचं हे दुसरं काम त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

नातं त्याहून जुनं आहे. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, आणि डुबॉइस यांचं उत्तरही आलं. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्ष निघाला. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी तेच नाव जोडून दलित पँथर उभी केली. दोन खंडांमधला हा रस्ता आपल्याच माणसांनी बांधला आहे.

रंगभूमीचंही तेच. भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ते खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. मराठवाड्यात पोरांनी नाटक करून समाजाशी बोलण्याची सुरुवात आपल्याला नव्यानं करायची नाही, ती झालेली आहे.

४. ‘गावात तेढ वाढेल’ या भीतीबद्दल

ही भीती मी हलक्यात घेत नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्यांत होता. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून याच जिल्ह्यात झाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ते दिवस पाहिलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. काहींनी घरं जळताना पाहिली, काही दारं लावून बसले होते. त्याबद्दल दोन्हीकडची माणसं एकमेकांशी आजही बोलत नाहीत.

न बोलण्यानं तेढ मिटली असती तर एवढ्या वर्षांत मिटायला हवी होती. उलट आज सतरा-अठरा वर्षांच्या पोरांकडे ती मोबाइलवरच्या स्टेटसमधून आणि डीजेच्या गाण्यांतून येते, तीही अर्धवट आणि चढवलेली. ज्या पोरानं नाटकात लिंडनरचं काम केलं, नम्र आवाजात ‘तुम्ही इथं राहायला येऊ नका’ असं सांगण्याची दोन महिने तालीम केली, त्याला त्या वाक्याचं वजन पाठ झालेलं असतं. नाटक बघणाऱ्यापेक्षा करणाऱ्याला जास्त बदलतं. म्हणून पात्रं वाटताना जातीचा हिशेब उलटा ठेवावा. ज्याच्या घरी जे कधी सोसावं लागलं नाही, ते सोसणाऱ्याचं काम त्याला द्यावं.

दूरच्या देशातली गोष्ट असण्याचा इथं एक उपयोग आहे. शिकागोच्या यंगर कुटुंबावर अन्याय होताना बघताना आपल्यातला कुणी लगेच अंगावर घेत नाही. माणूस आधी आईच्या बाजूनं रडतो आणि मग घरी जाताना विचार करतो.

५. मात्र दुसऱ्याच्या दुःखाआड लपायचं नाही

हा मुद्दा आधीच्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा. नुसती अमेरिकेची नाटकं केली, गोऱ्यांना नावं ठेवली आणि टाळ्या घेऊन घरी गेलो, तर हंगाम न केलेला बरा. म्हणून प्रत्येक परदेशी नाटकासोबत आपल्या मातीतलं एक असावं, तेही त्याच आठवड्यात.

एक जोडी मला फार दिवसांपासून सुचते आहे. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा. बाल्टिमोरमधल्या मालकिणीनं त्याला अक्षरं शिकवायला घेतली आणि मालकानं ते बंद पाडलं, कारण शिकलेला गुलाम हाताखाली राहत नाही. मग त्या पोरानं रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरीचे तुकडे देऊन त्यांच्याकडून धडे घेतले. १८३८ मध्ये तो गुलामीतून पळाला आणि १८४५ मध्ये त्यानं आपली कहाणी छापली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८५५ मध्ये, पुण्यात सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकानं तो छापला. दोघंही लहान, दोघांचंही हत्यार अक्षर. सातवी-आठवीच्या लेकरांनी या दोन गोष्टी मिळून पाऊण तासाचा प्रयोग करावा. संहिता मुलांनीच शिक्षकांसोबत बसून लिहावी. कुणाच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही, नेपथ्याला एक फळा पुरतो.

मोठ्या मुलांसाठी प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका आहे. दोनच पात्रं, खर्च जवळजवळ शून्य. लहानग्यांसाठी रत्नाकर मतकरींचं ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आहेच. ते हसत-खेळत बघून झाल्यावर पुढच्या शनिवारी ‘घोटभर पाणी’ बघायला तेच घर यावं, हीच सगळी खटपट.

६. लहान गावाला हे जमतं

नाटक नांदेडला, खरं नाटक पुण्याला, असं आपण धरून चाललो आहोत. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थ गावचे राजकुमार तांगडे शेतकरी आहेत. तिथून गावातल्या पोरांसोबत नाटकं करत करत त्यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं. मूळ कल्पना संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. २०१२ नंतर ते महाराष्ट्रभर गाजलं. त्यातली पोरं मराठवाड्याची बोली बोलत होती, आणि मुंबईच्या प्रेक्षकानं ती कान देऊन ऐकली.

ठाण्यात मतकरींनी २०१४ पासून ‘वंचितांचा रंगमंच’ चालवला. वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या जगण्यावरची नाटुकली स्वतः लिहून सादर करतात. मतकरी २०२० मध्ये गेले. पण मुलांच्या नाटकाला राजकन्या आणि राक्षसाच्या पलीकडेही विषय असतो, हे ज्यानं राजकन्या आणि राक्षस लिहिले त्याच माणसानं दाखवून दिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अमेरिकेतलं एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या मुलखाच्या जवळचं आहे. मिसिसिपी हे कापसाचं राज्य, गरीब आणि त्या काळी वर्णभेदानं पोखरलेलं. तिथं १९६३ मध्ये डोरिस डर्बी, जॉन ओनील आणि गिल्बर्ट मोझेस या तरुण कार्यकर्त्यांनी ‘फ्री सदर्न थिएटर’ काढलं. चर्चमध्ये, कम्युनिटी हॉलमध्ये, मिळेल तिथं त्यांनी फुकट प्रयोग केले. हसवणारं ‘पर्ली व्हिक्टोरियस’ही नेलं आणि सॅम्युअल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ही. खेड्यातल्या लोकांना गोदो काय कळणार, असं शहरातले म्हणत होते. तिथल्या रूलव्हिल गावात प्रयोग झाला तेव्हा फॅनी लू हेमर प्रेक्षकांत होत्या. त्या शेतमजूर होत्या आणि मतदानाच्या हक्कासाठी त्यांनी पोलिसांचा मार खाल्ला होता. त्या उठून म्हणाल्या, आपण नाटकात गोदोची वाट बघत बसलेल्या या दोघांसारखे नाही. समीक्षकांना जे सांगायला पानं लागतात ते त्यांनी एका दमात सांगितलं. लोह्याच्या प्रेक्षकाला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

७. चेहऱ्याला काळं लावायचं नाही

हा नियम पहिल्या दिवशी कागदावर लिहून भिंतीला लावावा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे आणि लोक पैसे देऊन हसायचे. तो अपमान तिथली माणसं विसरलेली नाहीत. आपली मुलं आपल्याच रंगानं उभी राहतील. आपल्याकडे काळ्या-सावळ्या पोरीला लग्नाच्या बाजारात काय ऐकावं लागतं, ते प्रेक्षकांना माहीत आहे. वेगळा रंग लावायची गरजच नाही.

८. मुलींचं काय

आपला तालुका माळेगावच्या फडात नाचणाऱ्या बाईला टाळ्या देतो आणि घरच्या मुलीनं स्टेजवर जायचं म्हटलं की कपाळाला आठ्या पाडतो. लावणी कलावंतांनी शेकडो वर्षं हा भार सोसला. आपल्या मुलींनी तो पुन्हा का सोसावा?

पालकांची काळजी मात्र खरी आहे आणि तिच्यावर उपाय सोपे आहेत. तालीम दुपारी चार ते साडेसहा, शाळेच्या आवारात. प्रत्येक तालमीला एक शिक्षिका किंवा एखाद्या मुलीची आई हजर असावी. उशीर झाला तर मुलींना घरपोच सोडण्याची जबाबदारी संयोजकांची. ज्या गटात निम्म्या मुली नाहीत, त्याला हंगामात जागा देऊ नये. हा नियम कडक वाटेल, पण त्याशिवाय ‘मुली मिळत नाहीत’ हे कारण कायम राहील. ‘अ रेझिन इन द सन’मध्ये घर चालवणाऱ्या, कामाला जाणाऱ्या, डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या बायका आहेत. मुलींना आईची नाहीतर झाडाची कामं देण्याचे दिवस संपले पाहिजेत.

९. उन्हाळाच का

दिवाळी सरली की तांड्यांवरची आणि वाड्या-वस्त्यांवरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. लेकरं सोबत जातात नाहीतर आजीजवळ राहतात. हंगाम डिसेंबरात ठेवला तर ती मुलं आपोआप बाहेर पडतील आणि आपल्याला ते कळणारही नाही. एप्रिलपर्यंत ती माणसं परतलेली असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा झालेल्या असतात. लातूर-नांदेडच्या क्लासची पोरंही नीटची परीक्षा संपली की घरी येतात. शेताला फार काम नसतं.

ऊन आहे हे खरं. म्हणून प्रयोग रात्री साडेआठला, उघड्या मैदानात. लग्नसराईचे आवाज आहेत, त्यासाठी तिथी बघून तारखा धराव्यात. मृग लागायच्या आत सगळं आटोपलं पाहिजे.

१०. स्पर्धा आणि हंगाम यांत फरक आहे

सरकारची बालनाट्य स्पर्धा चांगली आहे. तिनं महाराष्ट्राला कितीतरी नट दिले. पण स्पर्धेत लेकरं केंद्राच्या गावी जातात, परीक्षकांसमोर एक प्रयोग करतात, बक्षीस लागो न लागो, नेपथ्याचे पुठ्ठे रद्दीत जातात आणि गावानं ते नाटक बघितलेलंच नसतं. हंगामात प्रत्येक नाटकाचे निदान तीन प्रयोग लोह्यात आणि एक सोनखेडला किंवा माळेगावला व्हावा. पहिल्या प्रयोगात विसरलेलं वाक्य तिसऱ्यात सापडतं. शिकणं तिथं होतं.

११. नगरपरिषदेनं आणि जिल्हा परिषदेनं काय करावं

नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात रस्ते, पाणी, दिवे ही बंधनकारक कामं आहेत आणि ग्रंथालयं, बागा, सभागृहं यांसारखी ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे करू नका असं नव्हे. वाघमारे सर नगराध्यक्ष असताना लातूरला पाण्याचे प्रश्न होतेच, तरी शहराच्या विचारातून संस्कृती वजा झाली नव्हती. नळाला पाणी येईपर्यंत नाटक नको, असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की गेल्या वर्षी डीजेला पाणी आडवं आलं होतं का?

भव्य नाट्यगृहाची वाट बघू नये. इमारत झाली की कुलूपही येतं. आज लागतं ते असं: एका शाळेचं मैदान आणि दोन वर्ग तीन महिन्यांसाठी, वीज, लाकडी तख्तांचा पंधरा बाय वीस फुटांचा रंगमंच, आठ-दहा दिवे, दोन प्रशिक्षकांचं मानधन. प्रशिक्षक नांदेडच्या नाट्यकर्मींमधून मिळतील. तिकीट २० रुपये आणि सगळ्या हंगामाचा कुटुंब-पास १०० रुपये ठेवावा. ज्यांना तेवढेही परवडत नाहीत त्यांच्या मुलांना शाळेकडून पास द्यावा, आणि तो दिसायला बाकीच्यांसारखाच असावा. वर्गणी कुठल्याही पक्षाच्या बॅनरखाली घेऊ नये.

माळेगाव यात्रेत जिल्हा परिषद लावणी आणि लोककलेचे महोत्सव घेते. तिथल्या मोठ्या मंचावरची एक संध्याकाळ हंगामात सगळ्यात चांगल्या ठरलेल्या नाटकाला द्यावी. एवढे प्रेक्षक त्या पोरांना दुसरीकडे कुठे मिळणार?

१२. कागदपत्रं

कंटाळवाणा मुद्दा, पण यावरच पुष्कळ चांगले बेत अडतात. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत मागावं. दत्ता भगत, गज्वी, मतकरी यांच्या नाटकांसाठी लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आणि योग्य मानधन द्यावं. लेकरांचं नाटक आहे म्हणून फुकट, हे चालणार नाही.

परदेशी नाटकांबाबत आपल्या कायद्याचा एक फायदा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. हॅन्सबेरी जानेवारी १९६५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेली, म्हणजे तिच्या नाटकावरचा हक्क इथं २०२५ अखेरपर्यंतचा. लँग्स्टन ह्यूज १९६७ मध्ये गेला, त्याच्यासाठी २०२७ अखेरपर्यंत थांबावं लागेल. मात्र कुणी केलेलं मराठी भाषांतर असेल तर त्याचा हक्क वेगळा. म्हणून १९५९ च्या मूळ छापील संहितेवरून आपल्याच शिक्षकांनी आणि कॉलेजच्या मुलांनी नवं रूपांतर करावं, आणि यंगर घराण्यातल्या आईला लोह्याच्या बोलीत बोलू द्यावं.

हे सगळं एप्रिलमध्ये उभं राहायचं असेल तर काम डिसेंबरात सुरू झालं पाहिजे. नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात हंगामाचं वेगळं शीर्ष यावं, यासाठी नगरसेवकांना आत्ताच भेटावं लागेल. मुख्याध्यापकांची एक बैठक यात्रेआधी व्हावी. तीत तीन गोष्टी ठराव्यात: मैदान कुणाचं, तालमीला थांबणारे शिक्षक कोण, आणि पहिल्या वर्षीची नाटकं कोणती. संहिता जानेवारीत हातात हव्यात. मुलांची नावनोंदणी फेब्रुवारीत प्रत्येक शाळेत, प्रत्येक वस्तीत आणि तांड्यावर जाऊन करावी, आणि ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या जागा त्यांच्या नावानं राखून ठेवाव्यात.